ताईची शिकवणी

मास्तर पहिल्यांदा पँट घेऊन आले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कमरेला दोन बोटं सैल, एवढंच काम. त्यासाठी माणूस तासभर कशाला बसेल? इंग्रजीचे निवृत्त मास्तर, आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. खाली आम्ही दोघी बहिणी. विधवा ताई मशीनवर, मी बिनलग्नाची, काज-बटणं आणि हातशिलाईला. लोकांचे सैल झालेले कपडे मापात आणून द्यायचे, हा आमचा धंदा.

मग मास्तर रोज दुपारी यायला लागले. ताई म्हणाली, इंग्रजी शिकतेय. या वयात? बटण लावायला इंग्रजी कशाला लागतं, असं मी विचारलं, तर ती नुसती हसली.

आणि शिकवणी तरी कसली, एकाच शब्दाचं दळण. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर 'टेक इन' लिहिलेलं असायचं. म्हणजे शिवण आत घे, हे ताईला जन्मभर ठाऊक. मास्तर सांगायचे, तेवढंच नाही हो. बेघराला आसरा दिला तरी टेक इन. ऐकलेलं नीट डोक्यात शिरलं तरी टेक इन. कुणी गोड बोलून गंडवलं तरी तेच. ताई शाळकरी पोरीसारखी वाक्यं म्हणून दाखवायची. मी काज करता करता ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे. बाई गं, हा स्वतःच्या तोंडानं सगळा बेत सांगतोय की! आधी आसरा, मग गंडवणं. घर ताईच्या नावावर. उद्या या दोघांनी लग्न केलं तर मी कुठे जायचं?

म्हणून मी पाळत ठेवली. चहा मुद्दाम फिक्का दिला, मोडक्या पायाची खुर्ची दिली. माणूस ढिम्म हलेना.

त्यातच एक गोष्ट मला खटकली. ताईची पद्धत अशी, की कपडा आधी कच्च्या धाग्यानं टाचायचा. गिऱ्हाइकानं तो घालून बघायचा, काही दिवसांनी परत यायचं, मग पक्की शिलाई. नंतर कच्चे धागे उसवून काढायचे ते मी. हल्ली माझ्याकडे उसवायला काही येईनासंच झालं. ताई थेट पक्की शिलाई मारून कपडे हातावेगळे करत होती. नवीन कुणी आलं तर पलीकडच्या टेलरकडे पाठवत होती. माझी खात्रीच पटली. धंदा गुंडाळायला हिला मास्तरांनीच फूस लावली असणार.

मास्तरांना जिन्यातच गाठलं. लाज वाटत नाही का, इथून जी सुरुवात केली ती दम लागेपर्यंत थांबले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताईंनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही," एवढंच म्हणून ते वर गेले.

ताईनं आतून सगळं ऐकलं होतं. मी आत आले तशी तिनं मशीन थांबवलं आणि मान खाली घालून ती सांगायला लागली. परदेशातल्या लेकीचं दुसरं बाळंतपण जवळ आलंय. जावयाला मराठी येत नाही, नातवालाही नाही. नातू फोनवर भरभरून बोलायचा आणि आजी नुसती हं हं करायची, ते तिला फार लागलं होतं. ती तिकडे निघाली होती, कायमची. गिऱ्हाईक परत येईल तेव्हा आपण नसू, म्हणून कच्चं काही ठेवत नव्हती. घर मलाच राहणार होतं, मशीनसुद्धा.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू राहा म्हणाली असतीस, तर मी राहिले असते."

तोच 'राहा' माझ्या ओठांवर आला होता. ताई माझ्याकडे बघत नव्हती, मांडीवरचा कपडा उगाच सारखा करत होती. मी पदरानं तोंड पुसलं.

"निघायचं कधी?" मी विचारलं.