भंडाऱ्याहून आलेला पाटा

माझ्या अबोलपणाला घरात सगळे गरीब स्वभाव म्हणत आले. तसं काही नव्हतं. आईपुढं बायकोची बाजू घ्यायची हिंमत नव्हती, एवढंच. हे लिहायलाही पन्नाशी उजाडावी लागली.

मराठी मुलखाचं राज्य एक झालं त्या सुमाराची गोष्ट. मी नळदुर्गला हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. बायको थेट भंडाऱ्याकडची. इकडं बदलून आलेल्या एका हेडक्लार्कची पुतणी. येताना तिनं तिच्या आईचा पाटा आणला. आमच्याकडं जातं, उंबरा, किल्ल्याचा तट, सगळं एकाच काळ्या दगडाचं. हिचा पाटा राखाडी, त्यात पांढरे-गुलाबी पट्टे, आणि तेही मध्येच दुमडलेले. उन्हात अभ्रक चमकायचा. शेजारीण म्हणाली, "अगं बया, पाटा हाय का इरकली लुगडं?"

आईनं तो न्हाणीपाशी टाकला. "असल्यावर वाटलं तर चटणीत कच येईल. धुणं आपटायला बरा हाय."

बायको रोज त्याच्यावरचं साबणाचं पाणी पदरानं पुसायची. मी ते बघायचो आणि शाळेत जायचो.

एका रविवारी जाती-पाटे छिन्नीनं ठोकून खरबरीत करून देणारी टाकीवाली आली. बायकोनं तोंड उघडलं, "आत्याबाई, टाकी लावून एकदा वाटून तर पाहा जी. कच आली तर मीच परत न्हाणीत नेऊन ठेवते."

"लाव बाई," आई म्हणाली. "म्हंजे ही गप बसंल."

टाकीवालीनं आयुष्यभर काळाच दगड ठोकलेला. तो कुठूनही ठोका, सारखाच. तिनं छिन्नी पट्ट्यांच्या रेघेनं तिरपी धरली आणि दोन ठोक्यांत, भाकरीचा सुटावा तसा, पापुद्रा उचलला गेला.

"इपरीतच दगड हाय की!"

आई नुसतं "बघ" म्हणाली. बायकोचा चेहरा मला बघवेना.

तो तुकडा मी उचलला. आतून अभ्रकाचे पत्रे सगळे एका दिशेनं निजलेले, मध्ये मोहरीएवढे लाल खडे. पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा हातात आलं होतं, आणि मी बोलून बसलो.

"आडवी मार, बाई. रेघेनं नको, पट्टा कापत."

"बायकोचा दगड म्हटल्यावर गुरुजींना कंठ फुटला," आई म्हणाली.

"आई, हा आधी समुद्रातला गाळ होता. दोन भूखंड एकमेकांवर चालून आले, मधला गाळ खोल दाबला गेला. वरून डोंगराचं ओझं, खालून धग. वितळला नाही, पण मऊ पडला. कणीक दोन्हीकडनं रेटली की घड्या पडतात, तशा ह्या घड्या. हे लाल खडे त्या भट्टीतच उगवले."

"जमीन चालती व्हय, गुरजी?" टाकीवाली हात थांबवून म्हणाली.

"चालते. लई हळू." तेव्हा हे सगळ्या शास्त्रज्ञांनाही पटलेलं नव्हतं. मला पटलं होतं.

"आन् आपला काळा?" आईनं विचारलं.

"तो लाव्हा. जमिनीतनं आला, पसरला, निवला. त्याला असं कुणी रेटलं नाही."

"मग ते डोंगर कुठं गेले जी?" ही बायको.

"झिजले. तुमच्या धानाच्या बांध्या आहेत ना, तिकडंच होते. त्यांच्या बुडाचा हा तुकडा."

ती पाट्याकडं बघतच राहिली. "आणि आम्ही यावर मिरच्या वाटत होतो," म्हणाली.

टाकी आडवी पडली. पाटा टिकला. बायकोनं खोबरं-लसूण वाटलं.

जेवताना माझ्या दाताखाली कच आली. बारीक, पण कच. मी आईकडं पाहिलं. तिचाही जबडा घासावर थांबला होता. बायको वाढायचं विसरून उभी.

आईनं घास गिळला. "मीठ कमी हाय," म्हणाली, आणि उठून पाटा स्वतः ओढत चुलीशेजारी नेला.