गुडघ्यातली गादी आणि तिकडचा गारठा

डॉ. दिनकररावांची आणि माझी पहिली गाठ मिरजेत, त्यांच्या रुग्णालयात पडली. मी त्यांची नवी सहायक होते आणि बऱ्यापैकी शिष्ट होते. गुडघ्यातली गादी खोलवर फाटली असेल, तर सर तिचा मसुराएवढा तुकडा काढून परगावच्या प्रयोगशाळेत पाठवत. तिथे त्यातल्या पेशी वाढायच्या आणि पाच-सहा आठवड्यांनी त्या पुन्हा गुडघ्यात बसवायच्या. मधल्या काळात सर दर सोमवारी रुग्णाला बोलावून विचारत, "गुडघा कसा आहे?" आणि मग त्याच सुरात, "आणि तिकडचं कसं?" तिकडचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तुकड्याचं! मला हसू आवरत नसे.

जतकडच्या पारूबाई दरडीवरून घसरून गुडघा दुखावल्याने आमच्याकडे आल्या होत्या. मेंढरांमागे चालता आलं नाही, तर त्यांचा कळपच मोडणार होता. एका सोमवारी भर दुपारी, उन्हाचा नुसता भडका उडालेला असताना, त्या घोंगडं लपेटून आल्या.

"आवं सायेब, तिकडं लय गारठा पडलाय. माजा तुकडा कुडकुडतोय."

मी गुडघा चाचपला. चांगला उबदार होता. सरांनी मात्र प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, सगळं ठीक आहे, तापमान बरोबर दिसतंय.

"आकडा राहू द्या. पेशी ठेवलेल्या उबेच्या पेटीत हात घालून बघा," सर म्हणाले.

थोड्या वेळाने पलीकडचा आवाज बदलला. पेटी गार पडत चालली होती. पेशी दुसऱ्या पेटीत हलवल्याचं त्यांनी कळवलं, तेव्हा मी सहज मागे वळून पाहिलं. पारूबाईंनी घोंगडं आधीच उतरवून त्याची घडी घातली होती.

त्यांची शस्त्रक्रिया सरांनी केली. आज त्या कळपामागे चालतात.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे?"

"नाही," ते म्हणाले. "पण कराडच्या एका सुभेदारांनीही मला असंच सांगितलं होतं. मी हसलो. त्यांच्या पेशी मेल्या. दर दिवाळीला त्यांना भेटायला जातो. मला फराळ वाढतात, कधी दोष देत नाहीत. तो गुडघा अजून हाताला बर्फासारखा लागतो."

सर, पंच्याहत्तरीनिमित्त आपणांस निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. हल्ली सोमवारी 'तिकडचं कसं?' हे मी विचारते, आणि कुणी खरंच उत्तर दिलं की फोन लावण्याआधी तुमच्या दाराकडे बघते. त्या वेळी तुम्ही शेजारच्या खोलीत हवे आहात.