ओंडक्याला हात

मुरुडला आमच्या आळीच्या टोकाला एक जण घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली लाकूड कापण्याचं यंत्र चालवतो. दाराच्या फळ्यांसाठी माझ्या तिकडे बऱ्याच फेऱ्या झाल्या. माणूस साठीचा, सुकलेला, पण फणसाचे अख्खे ओंडके तो एकटा हलवतो. पहारीने टोक उचलायचं, खाली पाइप सरकवायचा, चेन ओढायची, दम खायचा. प्रत्येक ओढीला "सरक रं बाबा, सरक" असं तो ओंडक्याला विनवतो. माणसांशी तो एवढंही बोलत नाही.

परवा यंत्राकडच्या चढावर ओंडका अर्ध्या वाटेत अडकला. चेन ताणलेली होती, त्याचे पाय मातीत घसरत होते. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन खांदा लावला.

"हात काढा!" तो एवढ्या जोरात ओरडला की मी दचकून मागे सरलो. त्याने चेन ढिली केली. सकाळपासून सरकवलेला ओंडका उतारावरून मूळ जागी परत गेला.

"अहो, दोघांनी मिळून झालं असतं," मी म्हणालो.

"माझा भाऊबी असाच आला व्हता हात द्याया," तो खाली बघत म्हणाला. "ओंडका त्याच्यावर घरंगळला. मी धरला व्हता. धरवला न्हाय."

"मग हे बंद का नाही करत?"

"बंद करून बसू कुठं? घरात त्याची बायको हाय, पोरं हायत. त्यांच्यासमोर बसवत न्हाय."

मी कुंपणाबाहेर जाईपर्यंत तो पहार टेकून उभा राहिला आणि मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.