खऱ्या मापाची फळं

मिल्टन कीन्सच्या आमच्या गल्लीत रूलॉफचं गॅरेज हे एकच असं, ज्यात कधी गाडी शिरली नाही. उत्तरेच्या भिंतीत त्यानं मोठी खिडकी बसवून घेतली होती आणि खिडकीपाशी एक ओकचं टेबल. टेबलावर जे मांडलेलं असेल त्याचंच चित्र तो काढी : डाळिंब, अर्धवट सोललेलं लिंबू, कथलाची थाळी, वाइनचा पेला. माणसं त्यानं कधी रंगवली नाहीत. "माणसं हलतात," म्हणायचा, "आणि वर मत देतात."

तो मूळचा हार्लेमचा. तरुणपणी इथल्या एका छपाईच्या शाईच्या कंपनीत रंग जुळवायच्या नोकरीवर आला आणि तिथंच अकाउंट्समध्ये असलेल्या सुप्रभा दातारशी लग्न करून इथलाच झाला. सुप्रभाच्या आईला कुणी जावयाचा उद्योग विचारला की त्या सांगत, "रंगकाम." मग लोक त्यांच्याकडे बेडरूम रंगवून घ्यायला किती पडेल याची चौकशी करत.

त्याची रीत जुन्या डच चित्रकारांची. आधी सगळं चित्र राखाडी-तपकिरी. त्या थराला त्याच्या भाषेत 'मेलेला रंग' म्हणतात. तो वाळला की त्यावर एकेक पातळ थर चढवायचा. आणि एक हट्ट : वस्तू जेवढी, तेवढीच चित्रात. पट्टी नाही, फोटो नाही, फक्त डोळा आणि हात. गल्लीतली पोरं खरं डाळिंब उचलून कॅनव्हासवरच्या डाळिंबाला लावून बघत आणि कडेला कड जुळे.

फळं मात्र वेम्बलीची. ईलिंग रोडवरच्या शशीभाईंच्या दुकानात तो प्रत्येक सीताफळ नाकाशी धरी आणि कुठलं आधी पिकेल ते सांगे. शशीभाई म्हणत, "पेंटरसाहेब, खाणार कधी? की नुसतं हुंगणार?"

गेल्या वसंतात एकदा मी गॅरेजचं दार उघडलं आणि स्कार्फ नाकाला लावला. टेबलावरचे बांगडे पार सडले होते. रूलॉफ शेजारी बसून शांतपणे त्यांचे खवले रंगवत होता.

"अरे, वास येत नाही का तुला?"

"कसला, ताई?"

सुप्रभानं ते कोविडवर ढकललं. कितीजणांचं असं झालंय, म्हणाली.

उन्हाळा लागला आणि लंडनच्या एका गॅलरीवाल्या बाई येऊन त्याची नवी चित्रं बघून गेल्या. फार नाजूक झालीयत, म्हणाल्या. ऑक्टोबरमध्ये फक्त त्याच्या स्थिरचित्रांचं प्रदर्शन ठरलं. आयुष्यातलं पहिलं. त्या आठवड्यात तो जिन्यावरून गुणगुणत उतरायचा.

त्याच आठवड्यात, चित्र पुरं झालं म्हणून सुप्रभा कोशिंबिरीसाठी टेबलावरचं लिंबू उचलायला गेली. सहज तिनं ते कॅनव्हासला लावलं. खऱ्या लिंबाची कड चित्रातल्या लिंबाच्या चारी बाजूंनी बाहेर आली. तेच लिंबू घेऊन ती जेवणाच्या खोलीतल्या जुन्या चित्रापाशी गेली. तिथं त्यातल्या लिंबाशी ते बरोब्बर जुळलं.

तिनं मला बोलावून घेतलं. आम्ही दोघींनी सह्याही पाहिल्या. पूर्वी त्याची सही ऐसपैस असे. आता शेवटची अक्षरं मुंग्यांसारखी एकमेकांवर चढली होती.

"माझ्या काकांचं अक्षर असंच आकसत गेलं होतं," सुप्रभा म्हणाली. "आधी नाक गेलं, मग अक्षर, मग हात. कंपवात."

"मग डॉक्टरांकडे ने. औषधानं हात बराच काळ कामाचा राहतो."

"डॉक्टरांनी नाव घेतलं की हा त्या दिवशी ब्रश खाली ठेवील, ताई. ऑक्टोबर होऊन जाऊ दे."

त्यानंतर फळं तीच आणू लागली. लहान फळं. चित्र आणि वस्तू जुळावीत म्हणून. एकदा मी बरोबर होते. शशीभाई म्हणाले, "भाभी, माल आवडत नाही का? शोधून शोधून छोटंच उचलता!"

"पाहुणे लहान आहेत," ती म्हणाली. हसली नाही.

संत्र्यांच्या जागी चिमुकली क्लेमेंटाइन आली. पेअरच्या जागी अंजीर. मग बोरं. पण ती जेवढं लहान आणी, त्याहून तो लहान काढी. गॅलरीवाल्या बाईंचे कौतुकाचे ईमेल येत राहिले.

सप्टेंबरात एके सकाळी रूलॉफ आपणहून गाडी काढून वेम्बलीला गेला. परतला तो तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं डाळिंब घेऊन. ते टेबलावर ठेवून त्यानं आम्हां दोघींना समोर बसवलं आणि मेलेल्या रंगात काढायला लागला. काढून झाल्यावर त्यानं स्वतःच ते डाळिंब उचलून कॅनव्हासला टेकवलं. त्यामागं चित्र कुठं दिसेनाच.

"शशी परवा फोनवर म्हणाला, भाभींना छोटा माल लागतो. आधी वाटलं, तुला जड उचलवत नाही. तू आजारी आहेस. फार घाबरलो." त्यानं डाळिंब खाली ठेवलं. "मग जुन्या चित्रांसमोर उभा राहिलो. तुला कधीपासून माहीत आहे?"

"जूनपासून."

"वा! म्हणजे उन्हाळाभर मला बोरं काढायला बसवलंस."

"तुझं प्रदर्शन..." सुप्रभा म्हणाली. "लोकांना आवडतायत रे ती."

"लोकांना माझा आजार आवडतोय, सुप्रभा. ती चित्रं प्रदर्शनात जाणार नाहीत. फोन लाव डॉक्टरला."

तिनं लावला. दवाखान्याच्या फोनवर रांग होती. स्पीकरवर तीच तीच धून वाजत राहिली. रूलॉफ खिडकीबाहेर बघत होता. उजवा हात मांडीवर पडला होता आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता, तळव्यावर तंबाखू मळावी तसा. ह्या माणसानं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. आपली बोटं काय करतायत, हे त्याला कळत नव्हतं.

सुप्रभानं फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा तळवा त्याच्या बोटांवर दाबून धरला. तिच्या तळव्याखाली ती फिरतच राहिली.