ड्रिलच्या सोबतीला

दाताच्या दवाखान्यात तिला सगळे नेक्स्टताई म्हणतात. काउंटरवर एक माइक आहे. त्यात ती दिवसभर ‘नेक्स्ट’ म्हणते. तिचं खरं नाव डॉक्टरांना तरी आठवतं की नाही, शंका आहे. मी तिथे अक्कलदाढ काढायला गेले होते. दाढ देऊन मैत्रीण घेऊन आले. तेव्हापासून दुपारी दवाखाना बंद असताना मी डबा घेऊन तिच्याकडे जाते.

नेक्स्टताईचं एकच दुखणं होतं: ड्रिलचा आवाज. आत ड्रिल सुरू झालं की बाहेर बाकांवर बसलेली माणसं बदलतात. कुणी घड्याळ बघतं. कुणाला गॅस चालू राहिल्याचं आठवतं. व्यायामशाळा चालवणारे एक धिप्पाड गृहस्थ आहेत, त्यांना जिममास्तर म्हणतात. ते कितीदा तरी दाढ भरायला आले आणि दर वेळी ड्रिल ऐकून जिना उतरून गेले. एकदा तर नॅपकिन गळ्यात तसाच होता.

“आवाज वाईट नाही गं,” ताई डबा खाता खाता म्हणाली. “एकटा आहे म्हणून भेसूर वाटतो. सोबतीला दुसरा आवाज दिला तर?”

मला वाटलं, ती रेडिओबद्दल बोलतेय.

ती सिंथेसायझरबद्दल बोलत होती. मुलाच्या मोबाइलवर तिनं एका बाईला बटणं फिरवून वाऱ्याचा आवाज काढताना पाहिलं होतं. स्वतः ताईनं आयुष्यात एकही वाद्य वाजवलं नव्हतं. शाळेत समूहगीताच्या बाईंनी तिला पहिल्या रांगेत उभं केलं होतं आणि कानात सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव.” ती पाच वर्षं नुसते ओठ हलवत होती. हे तिनं मला हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं आधी लांबलचक कीबोर्ड दाखवला.

“यात शेकडो आवाज आहेत ताई. बासरी आहे, व्हायोलिन आहे, समुद्र आहे.”

“ड्रिल आहे?”

“काय?”

“ड्रिल. दाताचं.”

विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो जाऊन कोपऱ्यातलं एक छोटं यंत्र घेऊन आला. पट्ट्या कमी, खुंट्या भरपूर.

“यात तयार आवाज फारसे नाहीत. आपण घडवायचे.”

ताईनं चष्मा लावला. एकेक खुंटी फिरवून पाहिली, नळ गळतो का पाहावं तशी. दुकानाच्या मोठ्या स्पीकरमधून कधी मांजर ओरडलं, कधी जहाज सुटलं. ताईचे कान लाल झाले. डाव्या बाजूला एक चाक होतं.

“याचं काय काम?”

“सूर वर चढवायला, खाली घसरवायला. सुरुवातीला नाही लागत ते. घरी बाकी सगळं आहे ना?”

“आहे, आहे,” ताई म्हणाली. बाकी सगळं म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

घरी न्यायची सोय नव्हती. सुनेला नुकतंच बाळ झालं होतं. “आई, घरात एक रडणारं पुरे,” असं तिनं आधीच सांगितलं होतं. राहिला दवाखाना. डॉक्टरांनी खोक्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

“ताई, बरं वाटत नाही का?”

ताईनं त्यांना सगळं समजावलं. डॉक्टर ऐकत राहिले. ताई रजा मागायलाही कचरते. आज ती हटत नव्हती.

“शनिवारी गर्दीत वाजवा,” शेवटी ते म्हणाले. “एकही पेशंट उठून गेला तर सोमवारी दुकानात परत. आणि खोकं जपा. खोक्याशिवाय परत घेत नाहीत.”

छोट्या यंत्राचं ते मोठालं खोकं ताईनं काउंटरशेजारी ठेवलं, थर्माकोलसकट. त्याच्यावर कुणी पिशवी ठेवली तरी ती ओरडायची.

पहिल्या दुपारी यंत्र जोडलं. दिवे लागले. ताईनं डोळे मिटले आणि एक पट्टी दाबली.

काही नाही.

दुसरी दाबली. तिसरी. सगळ्या खुंट्या फिरवून झाल्या. दिवे छान लुकलुकत होते. आवाज शून्य. ताई खुर्चीत बसली.

“बघ,” ती म्हणाली. “इथंही नुसते ओठ.”

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांच्या हातात दात तपासायचा छोटा आरसा होता. त्याच्या दांड्यानं त्यांनी एकेक पट्टी ठोकून पाहिली, दुखरा दात शोधतात तशी. कान जवळ नेला.

“नस मेलीय,” ते गंभीरपणे म्हणाले.

मी माहितीपुस्तिका उघडली. पुस्तकं वाचण्यातच माझी पदवी गेली, पण इतकं वाईट गद्य मी वाचलं नव्हतं. शेवटी एका चित्राखाली सापडलं: या यंत्रात स्पीकर नाही. तो बाहेरून जोडायचा.

आम्ही तिघांनी एकाच वेळी माइककडे पाहिलं.

भिंतीवरच्या स्पीकरमधून माइकची वायर काढली, यंत्राची लावली. ताईनं पट्टी दाबली. आधी आवाज येत नाही म्हणून आम्ही सगळी बटणं शेवटापर्यंत नेऊन ठेवली होती. खिडकीची काच थरथरली. डॉक्टरांच्या हातातला आरसा पडला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय कोसळलं. ताई हसायला लागली. तिला थांबता येईना. मग मलाही. डॉक्टर पाठ फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतरच्या दुपारी मी डबा खायला विसरले. पुस्तिकेतल्या एका पानावर मी अडले होते. एका सुराच्या चार अवस्था, त्यांच्या चार खुंट्या: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. मी तीनदा वाचलं, डोक्यावरून गेलं. ताईनं चारही खुंट्या फिरवून ऐकल्या.

“अगं, हे तर भुलीचं इंजेक्शन,” ती म्हणाली. “सुई टोचते तो अटॅक. कळ ओसरते तो डिके. मग ओठ जड राहतो तो सस्टेन. घरी चहा पिताना ओठ परत आपला वाटायला लागतो, तो रिलीज.”

मी पुस्तिका मिटली.

डॉक्टर आतून ड्रिल चालवून दाखवायचे. ताई त्याच्या खाली बसेल असा सूर शोधायची. मंद, गरम, हळू येणारा आणि हळू जाणारा. सापडला तेव्हा ड्रिल त्या सुरावर पतंगासारखं तरंगायला लागलं. मी साहित्यात उपमा शिकले होते. ही मला आयती मिळाली.

शनिवार आला. बाकं भरली. जिममास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, एक पाय जिन्याच्या दिशेला. आत एक वकीलबाई होत्या. ड्रिल सुरू झालं. ताईनं सूर धरला.

लोकांनी वर पाहिलं. जागा नसल्यानं उभ्या असलेल्या एका आजोबांनी मान हलवली. मी श्वास सोडला.

मग ड्रिल दातावर टेकलं.

आठवडाभर आम्ही ते हवेतच फिरवलं होतं. दातावर टेकलं की त्याचा आवाज खाली बसतो, हे तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. डॉक्टरांनी तर ते ऐकणं कधीच सोडून दिलं होतं. ड्रिलचा आवाज घसरला, ताईचा सूर होता तिथेच राहिला आणि दोघांच्या मधून तिसरंच काहीतरी गुरगुरायला लागलं. बायकांनी पर्सा उचलल्या. जिममास्तर उठले. त्यांची खुर्ची आजोबांनी लगेच पटकावली.

मी खोक्याकडे पाहिलं. ताईनं पाहिलं नाही. तिचा डावा हात चाकावर गेला.

तिनं चाक खाली ओढलं. सूर घसरत गेला आणि ड्रिलला जाऊन भेटला. ड्रिल वर आलं, तीही वर. ड्रिल खाली, तीही खाली. हात धरून दोघं जिना उतरताहेत, चढताहेत. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आख्खा बाक हसला. आतून डॉक्टरांनी ड्रिल दातापासून लांब धरून पायाखालचं पेडल दोनदा हलकेच दाबलं. टुई टुई. ताईनं उत्तर दिलं. टुई टुई टुई. वकीलबाई तोंड उघडं ठेवूनच हसत होत्या. त्या हसण्यात एकही व्यंजन नव्हतं.

जिममास्तर दारात उभे होते. एक पाय पायरीवर. ते ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पाय मागे घेतला. बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते काउंटरपाशी आले आणि हाताशी होतं त्यावर बसले.

थर्माकोल फुटल्याचा आवाज झाला.

डॉक्टर बाहेर आले. मास्क हनुवटीवर.

“खोकं कुणी फोडलं?”

“मी बसलो,” जिममास्तर म्हणाले. ते कमरेपर्यंत आत गेले होते.

“बसलात? म्हणजे गेला नाहीत?”

“नाही गेलो. आता जायचं म्हटलं तरी जाता येत नाही.”

डॉक्टरांनी खोक्याच्या चिंधड्या पाहिल्या. मग ताईकडे पाहिलं.

“आता दुकानवाला काही परत घ्यायचा नाही,” ते म्हणाले. “बोलवा पुढच्याला.”

माइकची वायर टेबलावर सुटी पडली होती. ताईनं तिला हात लावला नाही. तिनं दोन पट्ट्या दाबल्या, एक खाली, एक वर. सगळ्यांना कळलं. डॉक्टर, ताई, आजोबा आणि मी, आम्ही चौघांनी जिममास्तरांना खोक्यातून ओढून काढलं. पॅन्टला थर्माकोलचे गोळे चिकटलेले, तसेच ते आत गेले.