तीन तोंडांची बॅटरी

दादाची मोटर सुरू झाली की गावातली कुत्री पळायची आणि माणसं जमायची. सुरू नाही झाली की आणखी माणसं जमायची. गोंडपिपरीच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. तिथे करमणुकीला दुसरं होतं तरी काय? बांबूच्या ठेक्यात जरा जम बसल्याबरोबर माझ्या थोरल्या भावानं ती मोटर घेतली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची, काळी, एका बड्या ठेकेदारानं वापरून वापरून सोडलेली. तिचा एक दरवाजा दोरीनं बांधावा लागे. पण दादा तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचा, त्या नजरेनं वहिनीकडे बघताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

मी तेव्हा विशीतली विधवा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा हिवतापानं गेला आणि सासरच्यांनी मला बैलबंडीत बसवून माहेरी आणून सोडलं. माहेरी दादा, वहिनी आणि माझी माय. माय पण विधवाच. वडील मी लहान असतानाच गेले होते. सणाच्या दिवशी पूजा वहिनी करायची आणि आम्ही दोघी मायलेकी आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसायचो. कोणी आम्हाला 'आत जा' म्हणत नसे. आपलं आपणच उठून जायचं, अशी रीत होती, आणि त्या रीतीचा मला मनापासून संताप यायचा. मायला यायचा की नाही, ते तिच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

दादा वाईट माणूस नव्हता. बहिणीचं काही तरी मार्गी लावायचं म्हणून त्यानं ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. बायको मेलेला, दोन लेकरांचा बाप, वयानं दादापेक्षाही मोठा. त्याच्याशी माझा पाट लावायचा, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ते लोक होकारासाठी घाई करत होते. तेवढ्यात शाळेच्या गुरुजींनी सांगितलं की चांद्याला, आता ज्याला चंद्रपूर म्हणतात तिथे, बायांना मास्तरीण करायचा वर्ग निघतो आहे. सातवी पास असली की झालं, राहायची सोयही आहे. माझी सातवी झाली होती. गुरुजींनीच खटपट केली आणि माझं नाव लागलं. अट एकच होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी बाराच्या आत स्वतः हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्या बाईला जाणार.

दादानं बरंच डोकं खाजवलं. मग म्हणाला, "सोमवारी पोचलीस त शिक. मी आडवा येत नाई. पन नाई पोचलीस त मंग मी पाटाचं पक्कं करतो. त्या लोकाईले किती दिवस टांगून ठेवू?"

मी लगेच हो म्हटलं. न पोचायला काय झालं होतं? दारात मोटर होती.

माय मात्र म्हणाली, "आदल्या दिवशीच बंडी जुंपा ना. सावकाश मुक्काम करत जाईन पोरगी."

दादाला ते फार लागलं. "दारात मोटर असून माही बहीण बंडीत जाईन? लोकं शेन घालतीन माह्या तोंडात." पावसाळ्यात बंद झालेली सर्व्हिस मोटर, म्हणजे प्रवाशांची गाडी, दिवाळीशिवाय सुरू होणार नव्हती. म्हणजे दादाची मोटर किंवा बैलबंडी, एवढेच दोन रस्ते होते, आणि दादानं त्यातला आपल्या इभ्रतीचा निवडला.

खांडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर मोटरीचीही पूजा झाली. वहिनीनं बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. गाव बघायला आलं होतं. मी आणि माय आत. दसऱ्याच्या संध्याकाळी दादा मोटरीतून सोनं वाटून आला, तेव्हा ती जरा कुरकुरत सुरू झाली म्हणे, पण ती तर नेहमीच कुरकुरायची. त्याकडे कोण लक्ष देतो?

सोमवारी उजाडताच मी तयार होऊन बसले. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. मायनं शिदोरी बांधली होती. मला इतका आनंद झाला होता की मी वहिनीच्या गळ्यात पडले. तीही रडली बिचारी. ड्रायव्हरचाचा चांद्याचे, मुसलमान, पांढऱ्या दाढीचे. दादाचं काम असलं की आमच्या पडवीतच मुक्कामाला असायचे. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली आणि सेल्फचं बटण दाबलं. खट् असा आवाज आला आणि पुढं काही नाही. पुन्हा दाबलं. या वेळी खट् पण झालं नाही.

"थंडी लागली असंल तिले," दादा म्हणाला.

चाचांनी दिवे लावून बघितले. काचेत विझत आलेल्या विडीएवढा उजेड दिसला. हॉर्न वाजवला तर म्हातारं माणूस खाकरावं तसा बारीक आवाज. चाचा म्हणाले, "करंट नाई आहे. तार ढिली असंल." त्यांनी पुढच्या सीटखालची फळी काढली. बॅटरी तिथेच खाली बसवलेली असायची. तिच्या दोन्ही टोकांवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी सुरीनं खरवडली, गरम पाण्यानं धुतली, तारा आवळल्या. मी शेजारी फडकं घेऊन उभी. मनात म्हणत होते, आता होईल, आता होईल. नाही झालं.

मग हँडल घातलं. दादानं फिरवलं, चाचांनी फिरवलं, जमलेल्यांतल्या दोघा-तिघांनी हौसेनं फिरवून घेतलं. इंजिन नुसतं फुसफुसलं. चाचांनी प्लगची एक तार काढून लोखंडाजवळ धरली आणि दादाला हँडल मारायला लावलं. ठिणगी पडायला हवी होती. आम्ही सगळे वाकून त्या तारेकडे बघत होतो. काही पडलं नाही. चाचांनी एक डबी उघडून आतले पॉइंट काचकागदानं घासले, कॉइलची तार सोडून परत जोडली, पुन्हा ठिणगी बघितली. ऊन अंगणात उतरलं. जमलेल्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. ज्यानं जन्मात मोटरीला हात लावला नव्हता, तो म्हणत होता की तिला उलटी ढकला. मला त्या सगळ्यांना तिथून हाकलून द्यावंसं वाटत होतं.

शेवटी बैल आणले. मोटरीपुढं दोर बांधून बैलजोडी जुंपली आणि गावाबाहेरच्या उताराला नेली. "धावली त डायनामो करंट देईन," चाचा म्हणाले. बैल धावले, मागून माणसं ढकलत होती, मी पण ढकलत होते, पदर खोचून. विधवा बाई अशी चारचौघांत मोटर ढकलते म्हणून कोणाला काय बोलायचं ते बोलो. मोटरीनं दोन उचक्या दिल्या. सगळे ओरडले. मग ती उताराच्या तळाशी जाऊन उभी राहिली, ती राहिलीच. बैलांनीच तिला परत ओढून दारात आणलं.

सूर्य डोक्यावर यायला लागला होता. लोक पांगले. दादा बैल सोडायला गेला. वहिनी पडवीत उभी राहून शेजारणीला म्हणत होती, "विधवा निघाली न् मोटर हटून बसली. आता कायले समजत नाई कोनाले?" मला ऐकू जावं असंच ती बोलत होती. सकाळचं रडणं तिच्या डोळ्यांत वाळायच्या आत हे. पण तिचाही इलाज नव्हता. तिला खरंच तसं वाटत असणार.

चाचा पुन्हा त्या सीटपाशी बसले. "पाणी तर मी नवमीच्या आधीच भरलं होतं," ते स्वतःशीच पुटपुटले. बॅटरीत घालायचं खास पाणी ते चांद्याहून बाटलीत आणायचे आणि कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आता काही उरलं नाही म्हणून त्यांनी बॅटरीच्या तोंडावरची झाकणं उघडली. तिला तीन तोंडं होती. पहिलं झाकण निघालं आणि नासक्या दुधाचा, आंबूस, तिखट वास आला. आत दह्याच्या गाठी तरंगत होत्या. दुसऱ्या तोंडातही तेच. तिसऱ्यात त्या गाठींच्या मधोमध एक पान होतं. काळं पडलेलं, पण तुळशीचंच.

"बाई," चाचा हळूच म्हणाले, "हे काय आहे? बॅटरीत दूध कोन डालते?"

तीर्थात तुळस आमच्या घरी एकच माणूस घालायचं. पंचामृत करायचं, त्यात जंगलातून आलेला मध घालायचा, वरून तुळशीचं पान सोडायचं, हे सगळं आतल्या खोलीत करून माय वहिनीच्या हाती द्यायची. पुजायला वहिनी, करायला माय. आणि थोड्याच दिवसांपूर्वी मायनं चाचांना पाणी भरताना विचारलं होतं, "हे काय पाजता हो त्याले?" तेव्हा चाचा हसून म्हणाले होते, "अम्मा, ये गाडी का दिल आहे. इसको पिलाया की गाडी धावते." ते चाचांनाही आठवलं असावं. त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं.

दारात माय उभी होती. हातात अजून माझी शिदोरी. तिच्या डोळ्यांत अजून आशा होती. आता तरी चालू होईल ना, असं ती बघत होती. नवमीच्या पहाटे, वहिनी उठायच्या आधी, माझा प्रवास नीट व्हावा म्हणून ती अंधारात मोटरीपाशी गेली असणार. चारचौघांत ती मोटरीला कुंकू लावू शकत नव्हती, म्हणून तिनं लपून तिच्या काळजालाच तीर्थ पाजलं.

मी ते पान बोटांनी उचललं आणि मोटरीखाली टाकून दिलं. बॅटरीतल्या तेजाबानं बोटाला आग झाली. दादा परत येत होता. चाचांनी पटापट झाकणं लावली.

"काय निघालं?" दादानं विचारलं.

"सेल गेले साहेब," चाचा म्हणाले. "पुरानी चीज. जुन्या बॅटरीचा काय भरवसा. नागपूरहून नवी आणा."

मी दादाला म्हटलं, बंडी जुंप, उशीर झाला तरी मी जाऊन हातापाया पडते. दादा उंबऱ्यावर बसला, टोपी काढून. "आता उद्या सांजेले पोचशीन. जागा गेली बाई. मीच बंडीचं नाई म्हनलं, मालेच माहीत नव्हतं..." त्याचा आवाज फुटला. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढत होता. नुसता निष्ठुर भाऊ असता तर किती सोपं गेलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी मी हट्टानं बंडीनं गेलेच. चांद्यात पोचले तेव्हा माझ्या जागी दुसरी बाई येऊन बसली होती. कचेरीतल्या बाईंनी मला पाणी दिलं, पुढल्या वर्षी या म्हणाल्या. पुढल्या वर्षीचं मी दादाकडे बोलले. त्यानं नकाराची मान हलवली. ब्रह्मपुरीकडच्यांना शब्द देऊन झाला होता.

एकच माणूस अजून माझ्या बाजूनं उभं राहू शकलं असतं. मायनं चुलीपाशी बसून दोन दिवस अन्न टाकलं असतं तर दादा वाकला असता. तो तिचं ऐकायचा. मी वाट बघत होते की ती बोलेल. दिवाळीनंतर एका दुपारी ती अंगणात धान वाळत घालत होती. मला जवळ बोलावलं.

"तुले एक सांगतो. वहिनीले सांगू नको. नवमीले पहाटेच मी त्या मोटरीले तीर्थ पाजलं. तिन्ही तोंडाले, थोडं थोडं. तुह्यासाठी." ती धानावरून हात फिरवत राहिली. "तरी नाई चालली. विधवेच्या हातचं देवाले पोचत नाई म्हनतात, ते खरंच हाय पोरी. मी उगाच मानत नव्हती."

सगळं माझ्या ओठांवर होतं. तुझ्या हातात दोष नव्हता. वहिनीनं पाजलं असतं, गावातल्या सगळ्या सुवासिनींनी मिळून पाजलं असतं, तरी ती बॅटरी मेलीच असती. पण हे सांगायचं म्हणजे त्याच वाक्यात हेही सांगायचं, की माझी जागा तुझ्या दुधानं गेली. एक काढून दुसरं ठेवता येत नव्हतं.

"जुनी होती ती," मी म्हटलं. "तशीही नव्हतीच चालनार."

तिनं ऐकलं नाही. "तू पाट लावून घे. आडवेढे नको घेऊ. तुह्या कपाळावर कुंकू येईन, तुह्या हातचं तरी पोचन. माह्यासारखं नको होऊ." आणि तिनं माझा हात धरला, तोच, ज्याच्या बोटावरचा काळा डाग अजून गेला नव्हता.

मी बरं म्हटलं. त्याच महिन्यात पाट लागला. कपाळावर कुंकू आलं. नव्या घरी पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकू होतं. मी ताट घेऊन पुढं झाले, तर सासूनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मला मागं बसायला सांगितलं. पाटाच्या बाईचा मान नसतो, ती म्हणाली. वाईट बोलली नाही, रीत सांगावी तसं सांगितलं. मी आत गेले आणि तांदूळ निवडत बसले.

मायला मी हे सांगितलं नाही. ती विचारायची, "आता पूजा करतेस ना?" मी म्हणायचे, "करतो."