ट्रेलर सुलभा चालवायची

दुबईतल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला, 'आपले ज्येष्ठ सभासद मोहनराव यांच्या पत्नीचं दुःखद निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग. सुलभा आजारी होती, तीनच दिवसांपूर्वी हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसून आले होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. पण तो मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला आणि रडू यायच्या आधी संताप आला... त्यात तिचं नावच नव्हतं. मंडळातल्या कितीतरी बायकांना जिनं शेजारी बसून हायवेवर गाडी चालवायला शिकवलं, ती गेल्यावर नुसती कुणाची तरी पत्नी झाली. आज दीड महिना होत आला. राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो. सुलभा अबुधाबीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि रोज जाऊन-येऊन गाडी चालवायची. मोहनरावांकडे लायसन्स होतं, पण हायवेवर त्यांना घाम फुटायचा, म्हणून ते कंपनीच्या बसनं जात. एका हिवाळ्यात देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून सुलभानं जुना ट्रेलर घेतला. गाडीमागे जोडून ओढायचा, आत दोन माणसांचा पलंग, शेगडी आणि परातीएवढं बेसिन. मोहनराव वैतागले. "अगं, हॉटेलं काय बंद पडलीत?" ती म्हणाली, "हॉटेलात खिडक्या उघडत नाहीत." संपला विषय. मग पुढचे कितीतरी सुट्टीचे शुक्रवार इमारतीमागच्या मोकळ्या वाळूत पाण्याच्या मोठ्या बाटल्या खुणेला मांडून ती रिव्हर्स शिकत होती. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की त्याचं शेपूट उजवीकडे जातं. सरळ डोक्याच्या माणसाचं हे काम नव्हे. तिनं बाटल्या चेपल्या, नव्या मांडल्या, पुन्हा चेपल्या. मी बाल्कनीतून हसायचे. ती हात करायची आणि पुन्हा गाडीत बसायची.

त्यानंतर दरवर्षी थंडी पडली की दोघं निघायचे. फुजैराचा किनारा, हत्ताचे डोंगर, लिवाची वाळू... जिथे कॅम्पिंगची जागा असेल तिथे. मी माझा तंबू घेऊन दोनदा त्यांच्याबरोबर गेले. स्वयंपाक मोहनरावांकडे. त्यांची खिचडी उत्तम व्हायची, आणि सुलभाला साधं वरणसुद्धा धड जमायचं नाही, हे तीच सगळ्यांना सांगायची. ठरलेल्या जागेत ट्रेलर लावायची वेळ आली की मोहनराव उतरून मागे उभे राहायचे आणि दोन्ही हातांनी खुणा करायचे. "येऊ दे, येऊ दे... बस!" शेपूट डावीकडे हवं असलं की ते स्टिअरिंगही डावीकडेच फिरवायची खूण करायचे, म्हणजे बरोबर उलटी, आणि हे तेव्हा त्यांच्या लक्षातच यायचं नाही. "त्यांच्याकडे बघितलं असतं ना, तर समुद्रात गेले असते," सुलभा म्हणायची. ती फक्त आरशात बघायची.

आणि मग दरवेळी तेच घडायचं. शेजारच्या तंबूतून कुणीतरी कौतुकानं यायचं आणि थेट मोहनरावांचा हात हातात घ्यायचं. "भाईसाब, क्या पार्किंग की है आपने!" मोहनराव हसून 'थँक यू' म्हणायचे. तेव्हा सुलभा गुडघ्यांवर बसून चाकांना ठोकळे लावत असायची, हात काळे. तिला गाडीतून उतरताना त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं हो! तरीही... मी चिडले की ती म्हणायची, "असू दे गं. श्रेय त्यांना, स्टिअरिंग मला." मी हसायचे. आता ते हसू मला टोचतं. कारण मीसुद्धा काही वेगळं केलं नाही. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ट्रेलरचा फोटो हवा होता, तेव्हा मीच सुलभाला म्हटलं, "तुझे हात ग्रीसनं माखलेत, तू बाजूला हो." बॉनेटला टेकून मोहनराव एकटे उभे राहिले. तो फोटो मी काढलेला आहे.

शोकसभेत पडद्यावर तोच फोटो लावला होता. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "मोहनरावांच्या या आगळ्या छंदाला वहिनींनी आयुष्यभर हसतमुखानं साथ दिली. वाळवंटातसुद्धा नवऱ्याला गरम भाकरी करून घातली." भाकरी! दुसरे वक्ते म्हणाले, मोहनरावांनी पत्नीला सगळी अमिरात फिरवून दाखवली, असं भाग्य किती जणींना मिळतं? मी खुर्चीवरून उठले. शेजारी सुलभाचा मुलगा अनीश बसला होता. इथेच वाढलेला, गुणी मुलगा. त्यानं माझा हात दाबला. "मावशी, प्लीज, नॉट हिअर." मी मोहनरावांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते. त्यांनी बोलायला हवं होतं. माणूस गेल्यावर निदान तिचं आयुष्य तरी तिच्या नावावर राहू द्यावं, एवढीच तर गोष्ट होती. ते बोलले नाहीत. मीही खाली बसले. शोकसभेत तमाशा नको, हेच ना ते आपलं शहाणपण!

परवा मोहनरावांकडे गेले होते. अनीशनं गाडी आणि ट्रेलरची जाहिरात टाकली होती आणि अजमानहून एक गृहस्थ बघायला आले होते. सगळं नीट तपासून झाल्यावर ते म्हणाले, "अंकल, एक बार रिव्हर्स करके दिखाइए ना." मोहनराव होकारार्थी मान हलवून गाडीकडे निघाले. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. ते गाडीला वळसा घालून उजवीकडे गेले, दार उघडून बसले, पट्टा लावला आणि समोर बघत राहिले. ते गृहस्थ गोंधळले. "अंकल, आप नहीं चलाएँगे?"

मोहनरावांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. "मुझे नहीं आता, बेटा," ते म्हणाले. "एक दिन भी नहीं चलाया. सब सुलभा चलाती थी. मेरी वाइफ. मैं तो पीछे खड़ा होके हाथ हिलाता था, वो भी उलटे." मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

माझेही डोळे भरले, नाही कशाला म्हणू? पण रागही तितकाच आला. ते गृहस्थ गेल्यावर मी विचारलंच, "मोहनराव, हे तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये का नाही बोललात?"

ते अजून गाडीतच बसले होते. म्हणाले, "तिथे सगळे ओळखीचे होते, रेखाताई."

त्या ओळखीच्यांपैकी बरेच जण ही पुरवणी वाचतात. त्यांनी वाचावं.